आता निदान बोंब तरी मारतो : ४/५

पुण्यात आमची इन्व्हर्टर-बॅटरीची सर्व्हिस आहे. वेबसाइटवरची तक्रार तिकीट सिस्टीममध्ये नेऊन टाकणारा हा कनेक्टर दीड वर्ष वापरतोय. नाव घेत नाही, कारण पुढे थोड्या शिव्या आहेत.

जुन्या व्हर्जनचा खाक्या असा, की सिस्टीमने तक्रार घेतली नाही तरी ग्राहकाला हिरव्या अक्षरांत ‘तक्रार नोंदवली’ दाखवून मोकळा. मे महिन्यात लाइट गेली की सगळे एकदम फॉर्म भरतात. सिस्टीम ४२९ हा कोड पाठवते, म्हणजे ‘जरा दमानं’. हा गडी ते गिळून गप्प. आम्हाला पत्ता लागला तो हडपसरच्या एका काकूंच्या फोनमुळे: “अहो, चार दिवस झाले, कोणी फिरकलंसुद्धा नाही!” बरं, उत्तराला उशीर झाला तर तीच तक्रार परत पाठवायचा. एकदा एकाच दारात आमचे दोन टेक्निशियन समोरासमोर आले.

नव्या व्हर्जनमध्ये ४२९ आला की सोबतच्या ‘रिट्राय-आफ्टर’मध्ये लिहिलेत तेवढे सेकंद थांबतो. (हा कोड २०१२ पासून आहे, उपकार नाहीत.) ५०३ आला, म्हणजे सिस्टीम सध्या काम घेऊ शकत नाही, तर दोन, चार, आठ सेकंद असं अंतर वाढवत जातो. ४०१ आला, म्हणजे टोकन (सिस्टीममध्ये शिरायची किल्ली) बाद झालं, की धडका न मारता थांबतो आणि मेल करतो. प्रत्येक तक्रारीला स्वतःचा आयडी असल्यामुळे डबल तिकिटंही बंद झाली.

पण खरा पैसा वसूल झाला तो ‘अडकलेल्या तक्रारी’ या पानावर. पहिल्याच दिवशी तिथे अकरा नग. सगळ्यांवर ४२२, म्हणजे ‘भरलेली माहिती चालत नाही’, आणि कारण, ‘पिनकोड: फक्त अंक चालतील’. पिनकोड काय होता? ४११०२८. बघतच बसलो. मग ट्यूब पेटली, लोकांनी मराठी कीबोर्डवरून अंक टाकले होते! सिस्टीमला फक्त इंग्रजी अंक कळतात. म्हणजे आजवर मराठीत फॉर्म भरणाऱ्यांच्याच तक्रारी गायब होत होत्या, आणि आम्ही म्हणतोय धंदा शांत आहे. फॉर्ममध्येच अंक बदलून घेतले, ‘पुन्हा पाठवा’ दाबलं, अकराच्या अकरा गेल्या.

एक तारा कापला तो मेलसाठी. फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाला वेगळा मेल, आणि विषय कायम एकच: ‘त्रुटी आली’. एका रात्री सिस्टीम बंद पडली, सकाळी इनबॉक्समध्ये १४० मेल. वैतागून फिल्टर लावला. परवा टोकन बाद झाल्याचा मेलही त्यातच गेला.