नटाच्या सत्काराला हिमरूची शाल घेतली, त्या दुकानाबद्दल

कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात आमच्यातल्याच एका पोराचा सत्कार होता, आता सिनेमा-सीरियलमध्ये चांगलं नाव काढलंय त्यानं. शाल-श्रीफळाचं काम माझ्याकडं आलं. कमिटीतले म्हणायले नेहमीची चकचकीत पॉलिस्टरची शाल आण न् एक ट्रॉफी, झालं. मी म्हणलं अजिबात नाही, युवक महोत्सवाच्या एकांकिकेतून वर आलेला पोरगा, मुंबईत जाऊन पण आपली बोली सोडली नाही, त्याच्या खांद्यावर इथलंच काहीतरी पडायला पाहिजे. ज्या मराठवाड्यात ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’वाल्या लक्ष्मण देशपांडे सरांनी विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात पोरं घडवली, जिथून मकरंद अनासपुरे, संदीप पाठक पुढं गेले, तिथं नटाला कपाटात पडून राहणारी शाल द्यायची म्हणजे मनाला पटत नाही.

म्हणून संभाजीनगरच्या जुन्या भागातल्या एका हिमरूच्या, म्हणजे सूत न् रेशीम मिळून विणलेल्या इथल्या नक्षीदार कापडाच्या, दुकानात गेलो. दुकान लहान, गल्लीत गाडी लावायला जागा नाही, पण मालक लै भारी माणूस. आधी बजेट विचारलंच नाही, शाल कुणासाठी ते विचारलं. मग दोन शाली समोर टाकल्या, एक मशीनची, एक हातमागाची, आणि दोन्ही उलट्या करून दाखवल्या. हिमरूत ताणा (उभा धागा) सुताचा न् बाणा (आडवा धागा) रेशमाचा असतो आणि नक्षीचा जादा धागा मागच्या बाजूनं मोकळा सुटलेला राहतो, त्यानंच तिला ऊब न् मऊपणा येतो. किनखाब या भारी रेशमी कापडात सोन्या-चांदीची जर असायची, तसाच थाट कमी खर्चात यावा म्हणून हे कापड. तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकर सोबत आले असं इथं सगळेच सांगतात. आता हातमाग चालवणारे फार थोडे राहिलेत हे त्यांनी सांगितलं तेव्हा वाईट वाटलं.

भाव मात्र नीट ऐका, हातमागाची शाल मशीनच्या शालीच्या कितीतरी पट महाग आहे. आम्ही ट्रॉफी कॅन्सल केली, वर थोडी वर्गणी काढली आणि हातमागाचीच घेतली, गर्द जांभळी, वेलबुट्टीची. सत्काराला ती अंगावर घातली तर त्यानं कार्यक्रम संपेपर्यंत काढली नाही, पोरं फोटो काढायला आली तरी खांद्यावर तीच, मला तर लै समाधान वाटलं.

कमी काय, तर पॅकिंग. एवढी सुंदर शाल साध्या कॅरीबॅगमध्ये दिली, बॉक्स आम्हाला बाहेरून घ्यावा लागला. रंगाची चॉइस पण हातमागात कमीच, आपल्या पसंतीचा रंग पाहिजे असला तर आधीच ऑर्डर द्यावी लागते, विणायला वेळ लागतो. बिलावर हातमाग असं लिहून घ्या, ते बिनतक्रार लिहून देतात. आणि घरी धुऊ नका, ड्रायक्लीनच करा.