सिंगापूरची कर भरण्याची सेवा: पाचपैकी चार तारे

मी सिंगापूरला नोकरी करते आणि एनआरओ खात्यातल्या (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं भारतातलं रुपयांचं खातं) ठेवींपायी भारतातही रिटर्न भरते. दोन्हीकडचं पाणी प्यायलेलं असल्यामुळे हा रिव्ह्यू.

इथल्या कर खात्याची, म्हणजे आयआरएएसची, नो-फायलिंग सेवा अगदी सुखाची आहे. पगाराचा आकडा कंपनीच परस्पर कळवते. आपण सिंगपासने (सरकारी डिजिटल ओळख) पोर्टलवर शिरायचं, पगार आणि सवलती नीट आल्यात ना हे १८ एप्रिलच्या आत बघायचं. काही बदलायचं नसेल तर एक बटणसुद्धा दाबावं लागत नाही.

पण याचं श्रेय नुसत्या वेबसाइटला देऊ नका. कायदाच आटोपशीर आहे. शेअर विकून झालेल्या नफ्यावर सर्वसाधारणपणे कर नाही, इथल्या कंपन्यांच्या लाभांशावर नाही, माझ्या भारतातल्या व्याजावरही नाही. मग भरायला उरतं काय? भारतात जुनी पद्धत की नवी इथूनच सुरुवात, त्यात भांडवली नफ्याचे वेगवेगळे दर. मी एआयएस (आपल्या उत्पन्नाच्या नोंदींचं आयकर खात्याचं वार्षिक पत्रक) उघडून व्याजाची एकेक नोंद बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून बघते.

दरांतही मोठी तफावत. इथे वजावटींनंतर ८०,००० सिंगापूर डॉलर उत्पन्न उरलं तर कर ३,३५० डॉलर. भारतात नव्या पद्धतीत २४ लाखांच्या वर ३० टक्के लागतात. इथला सर्वांत वरचा दर २४ टक्के, आणि तो १० लाख डॉलरनंतर.

एक तारा कापला तो टीडीएस (पगारातूनच कर कापून घेणं) इथे नसल्याबद्दल. पगार पूर्ण हातात येतो, खर्चही होतो, आणि नोटीस आली की महिन्याभरात सगळी रक्कम भरायची. आमचे बाबा म्हणतात, "हातात न आलेला पैसाच शिल्लक राहतो." पटतं. नव्याने आलेल्यांनी जायरो (बँक खात्यातून आपोआप पैसे वळते होण्याची सोय) लावून १२ बिनव्याजी हप्ते करून घ्यावेत.

उलट एनआरओ ठेवीच्या व्याजावर पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के कापले जातात. समजा व्याज २ लाख, तर ६२,४०० गेले. भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर ते सगळे परत मिळतात, पण रिटर्न भरून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केलं तरच.

आणि हो, सिंगापूरची नोकरी सोडून परतणार असाल तर शेवटच्या पगारावर भिस्त ठेवू नका. कराचा हिशेब मिटेपर्यंत कंपनीला तो कायद्यानेच रोखून धरावा लागतो. घरभाड्याची सोय आधीच करून ठेवा.