सुडोकू, बैठकव्यवस्था, खरे-खोटे की तराजू: रोजचा अर्धा तास कोणत्या कोड्याला द्यावा?

रोज अर्धा तास कोडी सोडवायची असं ठरलं, की बहुतेक जण सोपं-अवघड पाहून निवड करतात. त्याऐवजी, चूक झाली तर ती कधी कळते, हे पाहा. सोलापुरात आणखी एक गोष्ट धरावी लागते, ती भाषा. पूर्व भागात कित्येक घरांत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, आणि शाळा मराठी. अशा मुलाचं कोडं अडतंय की कोड्याचं मराठी, हे आधी बघावं.

सुडोकूत प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत आणि ३ × ३ च्या चौकटीत १ ते ९ एकदाच बसवायचे असतात, त्याला भाषा लागतच नाही. आकड्यांच्या जागी नऊ चित्रं काढली तरी चालतं, कारण त्यात बेरीज-वजाबाकी नाही. ८१ घरांपैकी निदान १७ भरलेली असल्याशिवाय उत्तर एकमेव राहत नाही, हे २०१२ मध्ये संगणकावर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं गेलं. पण इथे चूक फार उशिरा उघड होते. सुरुवातीला एक ५ चुकीचा बसला, तर तीस घरांनंतर भलत्याच ओळीत दोन ७ आलेले दिसतात, आणि तोवर माग काढायला काही उरत नाही. कारण बहुधा एकच असतं: ‘इथे ५ बसतो’ एवढ्यावर आकडा भरला, ‘इथे ५च बसतो’ हे पाहिलं नाही. घराच्या कोपऱ्यात शक्य ते आकडे बारीक पेन्सिलीने लिहा. एका ओळीतल्या दोन घरांत २ आणि ७ एवढेच उरले, तर त्या ओळीच्या बाकी घरांतून २ आणि ७ खोडा. अंदाजाने भरायची वेळ आलीच, तर तिथून पुढे पेनाचा रंग बदला.

बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी मात्र सुडोकू सुट्टीसाठी ठेवावं आणि बैठकव्यवस्थेकडे, म्हणजे कोण कुठे बसलंय हे सूचनांवरून शोधायच्या कोड्यांकडे, वळावं. बँकभरतीची परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) पूर्वपरीक्षेत रिझनिंगचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात. एकाच मांडणीवर अनेक प्रश्न येतात, त्यामुळे मांडणी चुकली की सगळे हातचे जातात, वर चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा वजा. या कुळातलं गाजलेलं कोडं म्हणजे पाच रंगांच्या पाच घरांचं. ते ‘लाइफ इंटरनॅशनल’ या नियतकालिकात १७ डिसेंबर १९६२ च्या अंकात छापून आलं होतं. आइन्स्टाईनने लहानपणी रचल्याचं सांगतात, त्याला पुरावा नाही.

इथली चूक तर्कात कमी, वाचनात जास्त होते. पाच जागांच्या रांगेत ‘अ हा ब च्या लगेच डावीकडे’ याच्या मांडण्या ४, ‘शेजारी’ म्हटलं की ८, आणि नुसतं ‘डावीकडे’ म्हटलं की १०. ‘लगेच’ हा एक शब्द सुटला तर काम अडीचपट वाढतं. म्हणून सूचना दिलेल्या क्रमाने घेऊ नका. प्रत्येकीच्या किती मांडण्या होतात ते समासात टिपा आणि सर्वांत कमी असलेलीपासून सुरुवात करा. ‘क टोकाला नाही’ अशा नकारी सूचना शेवटी पडताळायला ठेवा. दोन शक्यता उरल्या तर खोडाखोड न करता दोन रांगा एकाखाली एक काढा. जी आधी मोडेल तिच्यावर काट मारा. गोल टेबलाभोवती सगळ्यांची तोंडं आत असतील तर डावी बाजू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने येते, तोंडं बाहेर असतील तर उलट. दोन समोरासमोरच्या रांगांत दक्षिणेकडे तोंड असलेल्याचा डावा हात कागदावर उजवीकडे येतो. बाण काढल्याशिवाय नावं लिहूच नका.

नेहमी खरं बोलणारे आणि नेहमी खोटं बोलणारे यांची कोडी छोटी असतात आणि चूक तिथल्या तिथे पकडतात. क म्हणतो, “आम्हा दोघांत निदान एक तरी खोटारडा आहे.” क खोटारडा धरला तर त्याचं वाक्य खरं ठरतं, म्हणजे ते जमत नाही. मग क खरा आणि दुसरा खोटारडा. दोन ओळींत निकाल. अडतं ते नकारात: ‘सगळे खोटारडे आहेत’ याच्या उलट ‘सगळे खरे’ नव्हे, ‘निदान एक खरा’. घरी दुसरी भाषा असलेली मुलं ‘निदान’, ‘फक्त’, ‘पैकी’ या शब्दांवर ठेचकाळतात. ते शब्द आधी वस्तू समोर मांडून पक्के करा. सात रस्ता या सोलापुरातल्या चौकात स्टेशनचा रस्ता शोधायचाय असं धरून हे खेळून बघा. आलात ती वाट सोडून सहा उरल्या. होय-नाहीचे २ प्रश्न चारच शक्यता वेगळ्या करतात, म्हणून ३ लागतील. उत्तर देणारा खरा की खोटा ते माहीत नसेल तर प्रश्न असा घाला: “स्टेशनचा रस्ता या तिघांपैकी आहे का, असं मी विचारलं तर तू होय म्हणशील का?” खोटारडा दोनदा उलटतो आणि उत्तर सरळ येतं.

तराजूच्या कोड्याला आमची पसंती सर्वांत जास्त, कारण तिथे चूक आपण होऊन कळतच नाही. शक्यता मोजल्या तरच कळते. शेंगा चटणीच्या बारा पुड्या, एकीचं वजन वेगळं, पण जड की हलकी ते माहीत नाही. तीनच वेळा तोलायचं. शक्यता १२ × २ म्हणजे २४, आणि तीन तोलण्यांचे निकाल २७, म्हणजे बसायला हवं. बरेच जण आधी ६-६ टाकतात. मग कुठलंही पारडं खाली गेलं तरी १२ शक्यता उरतात आणि उरलेल्या दोन तोलण्यांचे निकाल ९च. तिथेच कोडं हरलं. ५-५ ने १० उरतात, ३-३ समतोल राहिलं तर १२. फक्त ४-४ ने कसंही झालं तरी ८ उरतात.

समजा १, २, ३, ४ चं पारडं ५, ६, ७, ८ पेक्षा खाली गेलं. आता १, २, ५ एकीकडे आणि ३, ४, ६ दुसरीकडे टाका. पहिलं पारडं खाली गेलं तर १ किंवा २ जड, नाहीतर ६ हलकी. १ ला २ शी तोला, बरोबर आले तर ६. दुसरं खाली गेलं तर ३ ला ४ शी तोला, बरोबर आले तर ५ हलकी. समतोल राहिलं तर ७ ला ८ शी, वर जाईल ती हलकी. पहिलंच तोलणं समतोल राहिलं तर ९, १०, ११ चांगल्या तिघींशी तोला. पारडी हलली तर जड की हलकी ते कळलं, मग ९ ला १० शी. हलली नाहीत तर १२ ला कुठल्याही चांगल्या पुडीशी.

सात-आठ वर्षांच्या मुलाला मात्र यात ओढू नका. त्याला वाघ, शेळी आणि गवताचा भारा नावेतून चंद्रभागेपलीकडे न्यायला द्या: सात फेऱ्या, आणि शेळी एकदा परत आणायची हे त्याला स्वतःला सुचू द्या. चिंचोके आणि पाटीवरची एक रेघ एवढं साहित्य पुरतं.