घरचे नेटवर्क स्टोरेज की यूएसबी हार्ड डिस्क?

नाशिकच्या कॉलेज रोडवर घरूनच काम करणाऱ्या एखाद्या कर सल्लागाराकडे दोन-तीन संगणक असतील, तर बॅकअपसाठी राउटरला जोडलेले नेटवर्क स्टोरेज, म्हणजे सगळ्या संगणकांना वापरता येणारी डिस्कची पेटी किंवा नॅस, मला उजवे वाटते. कारण यूएसबी डिस्क आठवणीने जोडावी लागते, आणि नेमक्या विवरणपत्रांच्या घाईत तेच राहून जाते. नॅसवर मात्र विंडोजची ‘फाइल हिस्टरी’ मूळ सेटिंगनुसार दर तासाला बदललेल्या फायलींच्या प्रती ठेवते, जरी ती संपूर्ण प्रणालीची प्रत घेत नसली तरी. पहिला बॅकअप वायफायऐवजी लॅन केबलने घ्यावा.

नॅस महाग पडते आणि त्याला यूपीएस हवाच. नॅसमधल्या ‘रेड १’ या मांडणीत दोन डिस्कवर एकच मजकूर असल्याने एक डिस्क बिघडली तरी काम चालते. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून जाते, हे विक्रेते क्वचितच सांगतात.

सुटी डिस्क एका बाबतीत सरस आहे: काढून ठेवलेल्या डिस्कपर्यंत रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम, पोहोचत नाही. एकच लॅपटॉप असल्यास ती पुरेशी आहे. नॅस घेणाऱ्यांनीही अशी एक डिस्क नाशिकरोडच्या नातेवाइकांकडे ठेवावी.