ताप आला तरी अँटीबायोटिक दिलं नाही, म्हणूनच पाच स्टार

नौपाड्यातलं लहान मुलांचं क्लिनिक, दोन वर्षं झाली लेकीला इथेच नेतोय. आधी घराजवळ एक डॉक्टर होते तिथे सर्दी असो खोकला असो तीन दिवसांचं अझिथ्रोमायसिन हे अँटीबायोटिक ठरलेलं, आणि मला ते बरंच वाटायचं कारण चौथ्या दिवशी पोरगी खेळायला लागायची. इथल्या मॅडमनी पहिल्याच वेळी नीट सांगितलं की व्हायरल ताप तसाही चार-पाच दिवसांत उतरतो, अँटीबायोटिक बॅक्टेरियावर चालतं व्हायरसवर नाही. कान, घसा, छाती सगळं तपासलं, पॅरासिटामॉल दिलं आणि कागदावर मराठीत लिहून दिलं की ताप तीन दिवसांच्या वर गेला, धाप लागली, पाणी पिईना किंवा लघवी कमी झाली तर लगेच घेऊन या. सासूबाई म्हणाल्या, औषध नाही दिलं मग फी कसली? पण ताप चौथ्या दिवशी उतरलाच.

मॅडम अँटीबायोटिकच्या विरोधात आहेत असं मात्र नाही हां. गेल्या जुलैत लेकीला 103 ताप, सर्दी नाही काही नाही, आणि लघवीला जाताना रडायची. त्यांनी आधी लघवीचं कल्चर, म्हणजे त्यात कोणता जंतू वाढतो ती तपासणी, पाठवलं आणि मगच सिफिक्झिम या अँटीबायोटिकचा पहिला डोस, कारण डोस आधी गेला तर कल्चरमध्ये जंतू कधी कधी सापडतच नाही. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, ई. कोलाय नावाचा जंतू, आणि खाली औषधांची यादी, पुढे एस नाहीतर आर. एस म्हणजे ते औषध त्या जंतूवर चालतं, आर म्हणजे चालत नाही, अँपिसिलिनपुढे आर होतं. माझ्या सात वर्षांच्या पोरीच्या अंगातल्या जंतूला एक औषध आधीच लागू पडत नाही हे बघून मला खरंच भीती वाटली. को-ट्रायमोक्साझोल चालत होतं म्हणून मॅडमनी सिफिक्झिम बदलून ते दिलं. डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, 2017 मध्ये अँटीबायोटिक्सचे अ‍ॅक्सेस, वॉच, रिझर्व्ह असे तीन गट केलेत, सिफिक्झिम आणि आमचं ते नेहमीचं अझिथ्रो दोन्ही वॉचमध्ये, म्हणजे जपून वापरायची, हे पण त्यांनीच सांगितलं.

अजून एक आवडलं, चिठ्ठीवर औषधाशेजारी कशासाठी दिलंय तेही लिहितात. जानेवारी 2024 मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना पत्र पाठवून हेच सांगितलं होतं, इथे एका खोलीच्या क्लिनिकमध्ये ते रोज होतंय. आणि स्ट्रिपवर लाल उभी रेघ असेल तर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, हे मला इथेच कळलं.

तक्रारी आहेतच. अपॉइंटमेंट घेऊनही तासभर थांबावं लागतं कारण प्रत्येकाला वेळ देतात, फोन पटकन उचलत नाहीत, गाडी लावायला जागा नाही, स्टेशनवरून चालत या. कल्चरचे पैसे लॅबला वेगळे. शक्यतो सकाळी या, संध्याकाळी बसायला खुर्चीही मिळत नाही.