परदेशी पाहुण्यांना गोव्यातलं मतदान दाखवणारा कार्यक्रम: पहाट उत्तम, शेवट गायब

भारत निवडणूक आयोगाचा आंतरराष्ट्रीय पाहुण्यांसाठीचा कार्यक्रम मे 2024 मध्ये गोव्यातही झाला. 23 देशांतून आलेल्या 75 पाहुण्यांना सहा राज्यांत विभागलं होतं, त्यांतलं एक गोवा. ही निवड अगदी योग्य. लोकसभेचे दोनच मतदारसंघ, विधानसभेचे 40, आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंतची केंद्रं एका दिवसाच्या आवाक्यात. शिवाय 2017 च्या विधानसभा निवडणुकीत सगळ्या मतदारसंघांत व्हीव्हीपॅट (दिलेलं मत कागदी चिठ्ठीवर छापून दाखवणारं यंत्र) वापरणारं पहिलं राज्य गोवाच.

पाहण्यासारखं सगळ्यात जास्त असतं ते पहाटे. मतदान सातला सुरू व्हायचं, तर मॉक पोल, म्हणजे यंत्र तपासण्यासाठीचं चाचणी मतदान, साडेपाचला. उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींसमोर किमान 50 मतं टाकायची, मग मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवर, म्हणजे मतं साठवणाऱ्या भागावर, क्लोज, रिझल्ट आणि क्लिअर ही बटणं याच क्रमानं दाबायची. यंत्रावरचा निकाल व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांशी जुळवायचा, त्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील करायच्या. घोळ होतो तो इथेच. घाईत क्लिअर राहिलं तर मॉक पोलची मतं खऱ्या मतांत मिसळतात. चिठ्ठ्या डब्यात राहिल्या तर पुढे पडताळणीत आकडे जुळत नाहीत. म्हणून पाहुण्याला आठ वाजता फुलांनी सजवलेल्या आदर्श केंद्रावर नेण्यापेक्षा साडेपाचला एखाद्या साध्या शाळेतल्या केंद्रावर उभं करावं. व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते, हे तर दिवसभर कुठेही पाहता येतं.

संध्याकाळही तितकीच मोलाची. सहाला रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. त्यासाठी केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतो, त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे, म्हणजे मागून नवा कोणी घुसू शकत नाही. इतकी साधी आणि पक्की युक्ती पाहुण्यांनी आपल्या देशात जरूर न्यावी. मग क्लोज बटण, आणि नमुना 17सी. त्यात झालेल्या मतांचा हिशेब असतो आणि त्याची प्रत प्रतिनिधींना मिळते. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा याच कागदाशी ताडतात.

आणि नेमकी तीच मोजणी पाहुण्यांना दिसली नाही. गोव्याचं मतदान 7 मेला, कार्यक्रम 9 मेला संपला, मोजणी 4 जूनला. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रं सोडतीनं निवडून त्यांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात, म्हणजे गोव्यात 200 केंद्रांच्या. विश्वासाचा खरा कस तिथे लागतो. सात टप्प्यांच्या निवडणुकीत हे अंतर टाळता येत नाही, हे मान्य. पण मग याला पाहुणचार म्हणावं, निरीक्षण नव्हे. आयोगही पाहुणे असाच शब्द वापरतो, हे प्रामाणिक आहे.

फरक कळायला निवडणुकांचं निरीक्षण करणाऱ्या वॉर्सातल्या ओडिहर या आंतरराष्ट्रीय संस्थेची पद्धत पाहावी. तिचे दीर्घकालीन निरीक्षक मतदानाच्या काही आठवडे आधीच जिल्ह्यांत जाऊन राहतात. अल्पकालीन निरीक्षक वेगवेगळ्या देशांच्या दोघांच्या जोडीनं फिरतात, सोबत दुभाषा आणि चालक. प्रत्येक केंद्रावर साधारण अर्धा तास थांबून ठरावीक प्रश्नांचा फॉर्म भरतात आणि रात्री एका केंद्रावर मोजणी संपेपर्यंत थांबतात. चूक दिसली तरी अधिकाऱ्याला सूचना द्यायची नाही, केंद्राचा क्रमांक आणि वेळ लिहायची. प्राथमिक निष्कर्ष सहसा दुसऱ्याच दिवशी जाहीर होतात. आयोगाच्या कार्यक्रमात असा फॉर्म आणि जाहीर अहवाल आला तर त्याचं वजन कितीतरी वाढेल.

गोव्यातून परदेशात निरीक्षक म्हणून जायचं असेल, तर भारतीय पासपोर्टवाल्यांनी बँकॉकच्या अॅन्फ्रेल या संस्थेकडे पाहावं. ती आशियातल्या निवडणुकांसाठी निरीक्षक घेते. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोंयकाराला युरोपीय संघाच्या मोहिमांचा मार्गही मोकळा असतो, पण नाव सदस्य देशामार्फत सुचवलं जावं लागतं. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) मात्र गोव्यात मत देता येत नाही, तेव्हा मतदार यादीत जुनं नाव राहिलं असेल तर नमुना 7 भरून ते आधी काढून घ्यावं.