इंजिन बांधून आल्यावर: कॉम्प्रेशन गेज की व्हॅक्यूम गेज?

जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीचं इंजिन नुकतंच बांधून आलंय किंवा दुसरं बसवून आणलंय. पिकअप मात्र नाही, आयडलला थरथरतं. अशा वेळी इंदूरच्या सियागंज बाजारात जाऊन एकच गेज आणायचं तर कोणतं? मी दोन्ही वापरली आहेत.

कॉम्प्रेशन गेज प्लगच्या भोकात लावून एकेका सिलिंडरचा दाब मोजतं, त्यामुळे दोष नेमका कोणत्या सिलिंडरमध्ये ते कळतं, ही त्याची मोठी बाजू. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर बहुधा त्यांच्या मधलं हेड गॅसकेट गेलेलं असतं. एकच कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडायचं. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा. गॅरेजवाल्याशी वाद घालायला असा आकडा हाताशी बरा.

पण माझं मन उडालं ते नव्या रिंगांच्या बाबतीत. इंजिन ताजं बांधलेलं, रिंगा अजून बसायच्या, त्यामुळे सगळेच सिलिंडर थोडे कमी दाखवतात. टायमिंग पट्टा (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा) एक दात मागे चढला असेल तरीही सगळेच कमी दाखवतात. गेज दोन्हीकडे सारखंच बोलतं आणि मिस्त्रीही प्रत्येक वेळी तेच बोलतो: ‘भिया, चलने दो, रिंग बैठ जाएगी.’ शिवाय दर वेळी सगळे प्लग काढा, कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून बसवा, आणि बॅटरी थकली की आकडाही थकतो. इनटेक मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरकडून सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) गॅसकेटमधून हवा खेचली जात असेल, तर त्याचा यात पत्ताच लागत नाही.

व्हॅक्यूम गेज चालत्या इंजिनाला लावायचं; इंजिन हवा किती जोरात ओढतं ते ते दाखवतं. नळी थेट इनटेक मॅनिफोल्डला हवी. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) नळीवर लावलं तर बहुतेक गाड्यांत आयडलला काटा हलतच नाही. काटा स्थिर पण खाली असेल तर डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून पाहावा. काटा वर आला आणि इंजिन सुधारलं, तर इग्निशन मागे होतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत होती. फारसा फरक पडला नाही, तर पट्ट्याचं कव्हर उघडायला सांगावं. ठराविक अंतराने टिचकी मारल्यासारखा काटा पडत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. फारच खाली असेल तर आधी मॅनिफोल्डचं गॅसकेट बघावं. रिंगांची शंका असेल तर थ्रॉटल झटकन उघडून सोडावा: काटा शून्याकडे जाऊन परतताना नेहमीच्या जागेच्या बराच वर उसळला, तर रिंगा ठीक असाव्यात.

निरोगी इंजिनासाठी पुस्तकात दिलेले १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) समुद्रसपाटीचे असतात. इंदूर साधारण ५५० मीटरवर, त्यामुळे इथे तेच निरोगी इंजिन दीड-दोन इंच कमी दाखवणार. बडोद्याच्या नातेवाइकांच्या गाडीशी तुलना करून घाबरू नये. तीन सिलिंडरच्या मारुती ८०० चा काटा चार सिलिंडरवाल्यांपेक्षा थोडा जास्त थरथरतो, तेही चालायचंच.

कोणता सिलिंडर, हे मात्र व्हॅक्यूम गेज सांगत नाही. आणि जीपमध्ये डिझेल इंजिन टाकलं असेल तर हा सगळा विचारच सोडावा. तिथे साधारणपणे थ्रॉटल नसतो, म्हणून कॉम्प्रेशन गेजच लागेल, तेही डिझेलचा दाब झेलणारं; पेट्रोलवालं तिथे टिकणार नाही. पेट्रोल असेल तर मी आधी व्हॅक्यूम गेज घेईन. कॉम्प्रेशन गेज अडल्यावेळी एखाद्या ओळखीच्या गॅरेजातून मागून आणता येतं.